शिगेचा बार

एकदा एका घाटाला एक राखणदार होता. एकदा म्हणजे नेमका केव्हा, असं विचारू नका. बंदुका ठासणीच्या होत्या, धान्य पायलीनं मोजलं जायचं आणि घाटातून बैलांचे तांडे उतरायचे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. ज्यांना सनावळीच हवी असेल त्यांनी इतिहासाच्या वर्गात जाऊन बसावं. हा दृष्टांत आहे, इथे सनाला काही काम नाही.

पण गोष्टीच्या आधी एका शब्दाबद्दल बोलल्याशिवाय माझ्यानं पुढे जाववणार नाही. वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो, अमक्यांची उत्सुकता शिगेला पोहोचली, तमक्यांचा वाद शिगेला पोहोचला. परवा एका सभेत मी विचारलं, मंडळी, ही शीग म्हणजे काय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एकानं धीर करून सांगितलं, डोंगराचं टोक. अहो, कसलं डोंगराचं टोक घेऊन बसलात. आमच्या गावात दाण्याचं दुकान होतं. दुकानदार मापात ज्वारी भरायचा, काठापर्यंत भरली तरी थांबायचा नाही, ओंजळीनं वर आणखी सोडायचा, आणि दाणे काठावरून ओघळायला लागेपर्यंत मापावर जी टोकदार रास उभी राहायची तिला म्हणायचं शीग. पहिलं माप टाकताना तो 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचा, मग दोन, मग तीन. आता पिशव्या कारखान्यातून बंद होऊन येतात आणि त्यांच्यावर वजन छापलेलं असतं. वजन बरोबर असतं, तक्रारीला जागा नाही. तरी 'लाभ' म्हणणारं कुणी उरलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. असो, गोष्टीकडे येतो.

त्या राखणदाराचं नाव सुभानजी. घाटाच्या पायथ्याशी लहानशी पेठ होती आणि माथ्यावर एक किल्ला होता. किल्ल्याच्या हवालदारानं पेठेला एक बंदूक दिली होती आणि सुभानजीनं तरुणपणी ती खांद्यावर घेतली होती. उन्हं कलली की तो खिंडीत जाऊन बसायचा आणि शेवटचा तांडा खाली उतरला की त्याच्या मागून घरी यायचा. त्याच्या हयातीत खिंडीत चोरटे पुष्कळ आले, पण टिकले नाहीत. तो म्हणायचा, "राखणदाराचा बार लागायला नसतो रे. लागेल हे चोराला ठाऊक असायला असतो." त्याच्या भरवशावर पेठ चालत होती. लमाण मीठ घेऊन वर जात, धान्य घेऊन खाली येत, सासुरवाशिणी माहेरी येत, आणि संध्याकाळी घाटात कुणी अडकलं तरी घरचे घाबरे होत नसत.

पुढे सुभानजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचा माणूस त्याला सावलीसारखा दिसायला लागला. ही बातमी किल्ल्यावर गेली आणि हवालदाराचा निरोप आला, की पेठेनं नवा राखणदार दाखवावा. दसऱ्याच्या दिवशी खिंडीतल्या हिरड्याला नारळ टांगला जाईल. उमेदवाराला तीन बार मिळतील. नारळ फुटला तर बंदूक पेठेत राहील, नाही फुटला तर बंदूक किल्ल्यावर जमा होईल आणि दुपारनंतर घाट बंद. दुपारनंतर घाट बंद म्हणजे तांडे दुसऱ्या वाटेनं जाणार, आणि तांडे गेले की पेठ उठणार. हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

उमेदवार म्हणून पुढे आला तो मन्मथ, सिद्रामप्पा वाण्याचा धाकटा मुलगा. पेठ आधी हसली. तराजू धरणाऱ्या हातात बंदूक काय शोभणार, असं लोक उघड बोलले. सिद्रामप्पांनाही ते रुचलं नव्हतं. पण मन्मथच्या मनात एक गोष्ट घर करून होती. दोन वर्षांपूर्वी त्याची बहीण सासरहून येताना खिंडीत चोरट्यांनी घेरली होती. सुभानजीचा बार वाजला आणि ती सुखरूप घरी आली. त्या दिवसापासून मन्मथला वाटायचं, की आपल्या आयुष्याचं काही होवो, त्या खिंडीत आपल्याला उभं राहायचं आहे. बाकी पेठेतले धडधाकट तरुण फौजेत गेले होते. तेव्हा हसणारे हसून थकले आणि मन्मथ सुभानजीचा शिष्य झाला.

आता ठासणीची बंदूक म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. नळीच्या तोंडातून आधी मापानं दारू सोडायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, मग लोखंडी गजानं ते सगळं ठासायचं. हे सारं मिळून जे होतं त्याला म्हणायचं बार. म्हणजे प्रत्येक वेळी बार माणसानं आपल्या हातानं नव्यानं घडवायचा. तो फुसका निघाला तर दोष कारखान्यावर ढकलता येत नसे, ही त्या काळची एक मोठी सोय होती.

मन्मथचा हात स्थिर होता आणि डोळा घारीसारखा होता. पण गोळी काही ऐकेना. एक नारळाच्या वरून जायची, पुढची खालून. एक डावीकडे, एक उजवीकडे. मन्मथ कष्टाळू होता, तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. गोळी वर गेली की तो दारू कमी करायचा. डावीकडे गेली की नेम उजवीकडे सरकवायचा. चिंधी जाड घेऊन पाहिली, मग तेलात भिजवून पाहिली. गोळ्या वितळवून नव्या ओतल्या. गज जोरात ठासला, मग हलका ठासला. नळी ऊन पाण्यानं धुतली. एकदा तर पाय कोणता पुढे ठेवायचा तेही बदललं. आणि एक दिवस नारळ फुटला. मन्मथ इतका हरखला की धावत जाऊन त्यानं सुभानजीचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी त्यानं तसंच सगळं केलं आणि गोळी हिरड्याच्या शेंड्याला लागली.

तो रडकुंडीला आला. "बाबा, दसरा तोंडावर आला. काल वर गेली म्हणून दारू कमी केली, डावीकडे गेली म्हणून नेम सरकवला, चिंधीही पातळ घेतली. आता आणखी काय बदलू ते सांगा."

सुभानजी हिरड्याच्या सावलीत तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "एका वैद्याकडं रोगी आला. वैद्यानं एका दमात काढा पाजला, डाग दिला, उपास घडवला आणि वर देवीचा नवस बोलायला लावला. रोगी बरा झाला. कशानं झाला?"

"ते कसं सांगणार?"

"आणि मेला असता तर कशानं मेला असता?"

मन्मथनं हातातला गज खाली ठेवला.

म्हातारा उठला, चाचपडत झाडाकडे गेला आणि टांगलेला नारळ त्यानं काढून घेतला. मन्मथला वाटलं, आता हा नवा नारळ बांधणार. सुभानजीनं तो दगडावर आपटून फोडला, पाणी पिऊन टाकलं आणि खोबऱ्याचा एक तुकडा मन्मथपुढे केला. "खा," तो म्हणाला. मन्मथनं बावरून खोबरं तोंडात टाकलं. निशाण खाऊन टाकणारा गुरू त्यानं कधी ऐकला नव्हता.

"आता मारायचं कशावर?" त्यानं विचारलं.

"त्या मातीच्या बांधावर. कोळशानं एक ठिपका काढ. इथं येऊन उभा राहा, आणि आज पोटभर बार मार. प्रत्येक वेळी त्या ठिपक्यावरच नेम धरायचा. गोळी कुठं गेली ते बघायला जायचं नाही. काही बदलायचं नाही. तीच चिंधी, तोच गज, तेच माप, तोच पाय पुढं."

"पण बाबा, चुकत असेल तर?"

"चुकू दे की. तुला अजून नीट चुकता येत नाही. आधी चुकायला शिक."

मन्मथला हे बोलणं मुळीच पटलं नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही पटलं नसतं. दसरा जवळ येतोय, पेठ डोळे लावून बसली आहे, आणि गुरू म्हणतो चुकायला शिक. पण त्या काळी गुरूला 'का' विचारायचं ते काम झाल्यावर. ती पद्धत सगळीच चांगली होती असं मी म्हणणार नाही. तरी काही गोष्टी आधी हाताला कळतात आणि मग डोक्याला, आणि त्या गोष्टींपुरती तरी ती पद्धत फार चांगली होती. मन्मथ निमूटपणे बार भरत राहिला आणि मारत राहिला. मातीत गोळी रुतायची, भोक दुरून दिसायचं नाही. सुभानजी डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होता.

दारू संपली तेव्हा दोघे बांधापाशी गेले. मन्मथचा चेहरा उतरला. ठिपक्याच्या वर भोकं होती, खाली भोकं होती, एक तर पार कमरेइतकं खाली होतं.

"सांग," म्हातारा म्हणाला.

"वर-खाली, सगळीकडं."

"सगळीकडं? डावीकडं किती, उजवीकडं किती?"

मन्मथनं पुन्हा पाहिलं. तो थबकला. "डावी-उजवीकडं नाहीतच. सगळी एकाखाली एक आहेत. उभी रांग आहे."

सुभानजीला हसू आलं. "म्हणजे हात स्थिर आहे, डोळा नीट आहे, नळी सरळ आहे. इतके दिवस तू त्या बिचाऱ्यांना उगाच बोल लावत होतास. गोळी डावीकडं गेली म्हणून तू नेम उजवीकडं न्यायचास, मग ती उजवीकडं जायची. गोळी तूच डावी-उजवी करत होतास. आता गोळ्या उकरून काढ, आणि कोणती किती खोल गेली ते मला सांग."

मन्मथ सुरी घेऊन माती उकरायला लागला. वरच्या भोकातल्या गोळ्या हातभर खोल रुतल्या होत्या. खालच्या तर बोटानंही निघाल्या. त्यानं ते सांगितलं आणि सांगता सांगता त्याच्याच ध्यानात आलं, की वरच्या गोळ्या जोरात गेल्या म्हणून वर लागल्या आणि खालच्या दमल्या म्हणून खाली उतरल्या.

"मला हे ऐकूनच कळलं होतं," सुभानजी म्हणाला. "एक बार जेवलेला वाजतो, एक उपाशी. तुझे बार एका आईची लेकरं नाहीत."

"पण मी प्रत्येक वेळी त्याच मापानं दारू घालतो. बाबा, तुमच्या गळ्याशप्पथ."

"माझा गळा राहू दे. माझ्यासमोर भर."

सुभानजीकडे दारूचं एक छोटं माप होतं, रेड्याच्या शिंगाच्या टोकापासून केलेलं. मन्मथनं ते हातात धरलं आणि पिशवीतून दारू सोडली. सोडताना त्याच्या तोंडून सवयीनं हळूच शब्द निघाला, 'लाभ'. म्हाताऱ्यानं हात पुढे केला आणि मापाच्या तोंडावरून बोट नेलं. बोट काठाला टेकलंच नाही. काठाच्या वर दारूचा टोकदार ढीग होता. बोट लागताच तो ढासळला आणि काळे दाणे जमिनीवर सांडले.

"हे काय?"

"शीग," मन्मथ म्हणाला.

मन्मथनं मान खाली घालून सांगितलं. दुकानावर बसायला लागला तेव्हा अप्पांनी पहिला धडा दिला होता तो शिगेचा. माप काठापर्यंत भरणं हा व्यवहार आणि त्याच्यावर शीग चढवणं हा धर्म. रिकाम्या हातानं आलेल्या गरिबाला शीग मोठी द्यायची, मुलाला पाठवलं असेल तर आणखी मोठी. शिगेवरून हात फिरवून माप सपाट करणारा वाणी म्हणजे पापाचा धनी; त्याच्या घरातून लक्ष्मी उठून जाते. या हाताला दुसरं मोजणं येतच नाही.

पेठेत असा एकही माणूस नव्हता ज्यानं सिद्रामप्पांची शीग खाल्ली नव्हती, त्यात सुभानजीही होता. एका दुष्काळात त्या शिगेवर त्याची पोरं जगली होती. ते आठवत त्यानं मन्मथच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझ्या बापानं शिकवलं ते सोळा आणे खरं आहे," तो म्हणाला. "दुकानात ते कधी सोडू नकोस. पण शीग का चढते ते बघ. माप हातानं भरतं, शीग मनानं चढते. समोरचा माणूस गरीब दिसला की मोठी, आपलं मन खट्टू असलं की लहान. दोन शिगा सारख्या झालेल्या कुणी पाहिल्या आहेत का? देताना ते बरंच आहे. घेणाऱ्याला दोन दाणे कमी-जास्त झाले तर बिघडत नाही, मिळालं त्यातच तो सुखी असतो. पण इथं घेणारी बंदूक आहे. तिला पुण्य कळत नाही. तुला उमेद आली की तू तिला चार दाणे जास्त देतोस, तुला भीती वाटली की हात आखडतो, आणि तुझ्या मनात जे चाललंय ते सगळं ती त्या बांधावर लिहून ठेवते. तिला फक्त एक गोष्ट कळते, काल दिलं तेवढंच आज दिलं की नाही."

"मग किती घालू? जास्त की कमी?"

"जास्त-कमी नंतर. आधी तेवढंच. गोळ्या एका जागी गेल्या की ती जागा उचलून नारळावर नेणं सोपं आहे. पण हिंडणाऱ्या चुकीला कुठून धरणार? एक चूक म्हणजे अपघात, बाळा. तीच चूक दुसऱ्यांदा झाली की मग तिची ओळख पटते."

मन्मथनं पुन्हा माप भरलं. शीग चढली. आता ती सपाट करायची होती. त्याचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. मंडळी, हसू नका. आपल्यातल्या कुणाला ताटाला पाय लावायला सांगितलं तर पाय उचलेल का? बापानं घातलेलं वळण त्याच्या मनगटात होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुभानजीला ते दिसलं नाही, पण कळलं. त्यानं बांबूची एक पातळ काडी शोधून मन्मथच्या हातात दिली. "हात नको फिरवूस. काडी फिरव. आणि जे निघेल ते परत पिशवीत पडू दे. कुणाचं काढून घेत नाहीस तू. ज्याचं आहे त्याच्याकडंच जातंय."

मन्मथनं काडी फिरवली.

त्यानंतरचे दिवस फार सुंदर गेले असं मन्मथ म्हातारपणी सांगायचा म्हणे. सकाळी दव सुकलं की दोघे बांधापाशी यायचे. सुभानजी जुन्या गोष्टी सांगायचा. कुठल्या तांड्याबरोबर कोण आलं होतं, त्याच्या गुरूनं त्याला गज कसा फेकून मारला होता, पूर्वी घाटात केवड्याचा वास कसा यायचा. मन्मथ ऐकत ऐकत बार भरायचा. बांधावरची उभी रांग आक्रसत गेली. आधी सगळी भोकं सुपाएवढ्या जागेत मावली, मग भाकरीएवढ्या, मग पुरीएवढ्या. मग एक दिवस सुभानजीनं सांगितलं तेव्हा त्यानं माप अंगठ्याच्या नखाएवढं कापून कमी केलं आणि ठिपक्याच्या वर राहिलेली ती पुरी खाली थेट ठिपक्यावर आणून ठेवली. नवा नारळ टांगला, तो फुटला. दुसरा टांगला, तोही फुटला. पेठेत घरोघरी खोबऱ्याच्या वड्या झाल्या.

दसरा आला. सगळी पेठ खिंडीत जमली होती. हवालदार किल्ल्यावरून उतरला आणि त्यानं बरोबर एक लहान बुधली आणली होती. नव्या नियमाप्रमाणे परीक्षेची दारू किल्ल्याच्या कोठारातली असे, म्हणजे कुणाला कसली खोट काढता येऊ नये. हे सुभानजीला ठाऊक नव्हतं. त्याच्या वेळी असं नव्हतं. मन्मथनं दारू तळहातावर घेऊन पाहिली. दाणा निराळा होता, रंग मळका होता. पावसाळाभर कोठारात पडून राहिलेली असावी. त्यानं सुभानजीकडे पाहिलं. पण परीक्षेत गुरूनं शिष्याला काही सांगायचं नाही, असा दंडक होता. सुभानजी दगडावर बसला होता, शेजारी सिद्रामप्पा उभे होते. दुकान बंद करून ते आयुष्यात पहिल्यांदा अशा कामाला आले होते.

मन्मथनं माप भरलं, काडी फिरवली, गोळी ठासली, नेम धरला. बार वाजला, पण वाजला दबका. गोळी नारळाच्या खाली हिरड्याच्या खोडात रुतली. लोकांतून उसासा उमटला.

"कुठं?" सुभानजीनं विचारलं.

"वीतभर खाली," सिद्रामप्पा म्हणाले.

चहूकडून सल्ले सुरू झाले. दारू फुसकी आहे, जास्त घाल. दीड माप घाल. गज जोरात मार. नेम वर धर. कुणीतरी ओरडलं, "अरे वाण्याच्या पोरा, आज तरी शीग चढव." मन्मथनं माप हातात घेतलं आणि बुधली तिरकी केली. शीग चढली. सिद्रामप्पांना स्वच्छ दिसलं, की त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं काडी फिरवली आणि माप सपाट केलं. तेवढीच दारू, तीच चिंधी, तोच गज. नेमही होता तिथेच, नारळावर. लोकांनी कपाळावर हात मारून घेतले. जे केल्यानं चुकलं तेच हा पुन्हा करतोय, आणि हातात बार उरलेत दोन.

बार वाजला. नारळ जागचा हलला नाही.

"आता कुठं?" सुभानजीनं विचारलं.

सिद्रामप्पांनी मान पुढे काढून पाहिलं. "तिथंच. त्याच भोकात म्हणा ना. वीतभर खाली."

सुभानजी उठला. त्यानं धोतर झटकलं, काठी घेतली, आणि वळून खाली पेठेच्या वाटेला लागला. लोकांनी त्याला वाट दिली. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्यानं आता बघवत नाही, शेवटी शिष्यानं मान खाली घालायला लावली. मन्मथनंही गुरूची पाठ पाहिली. पाहून त्यानं तिसरं माप भरलं, काडी फिरवली, गोळी ठासली, आणि या वेळी नेम नारळाच्या वीतभर वर धरला.

सुभानजी पहिल्या वळणावर होता तेव्हा मागे बार वाजला आणि त्याच्या पाठोपाठ लोकांचा कल्लोळ उठला. तो मागे वळला नाही, थांबलाही नाही.

हवालदारानं बंदूक पेठेत ठेवली. लोकांनी मन्मथला सोनं दिलं, मिठ्या मारल्या. सिद्रामप्पांनी मुलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. हे सगळं आटपून उन्हं कलायच्या सुमारास मन्मथ सुभानजीच्या दारात आला. म्हातारा अंगणात बसला होता. मन्मथनं बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. सुभानजीनं तिच्यावरून हात फिरवला. दस्त्याचं लाकूड जिथं त्याचा गाल टेकायचा तिथं झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथं त्याचा हात बराच वेळ राहिला.

"बाबा," मन्मथ म्हणाला, "तिसरा बार न बघताच का उठलात? मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावू कशाला?" सुभानजी म्हणाला. "सगळी पेठ कानाशी ओरडत असताना तू दुसरा बार पहिल्यासारखाच भरलास. दारू परकी होती, तरी तू तसाच राहिलास. माझ्याकडं शिकवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तिथं संपलं. तिसरा बार तुझा होता. तो बघायला मी बसलो असतो तर तुझ्यावर पहारा केल्यासारखं झालं असतं. मी आयुष्यभर घाटाची राखण केली, पोरा. राखणदाराची राखण मला करायची नव्हती."

मन्मथच्या मनातली सगळी खळबळ शांत झाली. त्यानं वाकून नमस्कार केला, बंदूक उचलली, कारण खिंडीत जायची वेळ झाली होती, आणि तो घाटाच्या वाटेला लागला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा सुभानजी उठला, आत गेला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं दिवस मावळायच्या आत घराचं कवाड लोटून घेतलं.